वॉरिकच्या पाठीवरचं खोपट

पैज लागली ती एका करपलेल्या सॉसेजवरून. वॉरिक टॉलीच्या मागच्या अंगणात शेगडी पेटली होती, आमची सगळी गल्ली कागदी ताटल्या धरून उभी होती, आणि वॉरिक बोलत होता. हातात चिमटा आला की हा माणूस त्याला राजदंड समजतो. विषय काय, तर हल्लीच्या लोकांना पाठीवर सॅक पेलवत नाही. त्याच्या रविवारच्या चालणाऱ्यांच्या टोळीत म्हणे दर वळणावर कुणीतरी सॅक खाली टाकून बसतं, आणि तो मात्र रांगीटोटो बेटाच्या धक्क्यावर चढवलेली सॅक थेट डोंगरमाथ्यावरच उतरवतो, आजपर्यंत एकदाही वाटेत टेकवलेली नाही. त्या सॅकेत सगळ्यांचं पाणी, मलमपट्टी, दोर, थर्मास, फळांचा केक. मी म्हटलं, या रविवारी टेकवशील. त्यानं चिमटा माझ्याकडे रोखला आणि विचारलं, काय लावतेस. माझ्या तोंडात ते करपलेलं सॉसेज होतं, चावायला वेळ लागत होता, तेवढ्यात सुचलं. जो हरेल त्यानं दुसऱ्याचे बूट घासून द्यायचे, गुडघ्यावर बसून, शहराच्या धक्क्यावर, बोटीतून उतरणाऱ्या सगळ्या गर्दीसमोर. हशा पिकला. शेजारची लोसा, चर्चच्या गायनात सगळ्यांना दामटून सुरात आणणारी सामोअन बाई, तिनं वॉरिकच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि जाहीर केलं की पंच ती. पंचाला कुणी विचारलं नव्हतं, पण लोसाला विचारावं लागत नाही.

सगळ्यांना वाटलं, रेविनचा, म्हणजे माझा, आणखी एक चाळा. तसं वाटायलाच हवं होतं. आधी मी वॉरिकच्या हिरवळीवर ‘विकणे आहे’ची पाटी रोवली होती, दोन कुटुंबं घर बघून गेली, एकानं स्वयंपाकघराला नावं ठेवली. त्याच्या बागेतला दाढीवाल्या बुटक्याचा पुतळा छपरावर चढवला होता. माझं वय झालं तरी माझे हात शिवशिवतात, हे गल्लीला माहीत आहे. त्यामुळे पैज लावताना माझा आवाज नेहमीसारखाच आला, आणि त्याचंच मला नवल वाटलं, कारण त्याच्या जरा आधी वॉरिक जे बोलून गेला होता ते अजून माझ्या कानात होतं. कुंपणावरून बेट दिसतं आमच्या गल्लीतून, समुद्रात पालथं घातलेलं काळं ताट. वॉरिकनं चिमटा तिकडे रोखला आणि म्हणाला, तरुणपणी मी तिथं कामाला होतो, जुनी खोपटं पाडायच्या टोळीत. ज्याच्या नावावर भाडेपट्टा तो मेला की खोपट पाडायचं, असा नियम होता तेव्हा. मग म्हणाला, एक मासेमाराचं होतं, त्या युगोस्लाव लोकांपैकी कुणाचं तरी, बुढ्ढा मेला आणि घरचे सोडूनच गेले, फिरकलेसुद्धा नाहीत, आम्ही फक्त आवरलं. असं म्हणून त्यानं जीभ टाळ्याला लावून टक् केलं आणि शेगडीवरचे सॉसेज मोजले, दोन बोटं हवेत नाचवत.

ती दोन बोटं मला ठाऊक होती. हा माणूस आमच्या गल्लीत राहायला येऊन कितीतरी उन्हाळे झाले, मी त्याच्याकडून करवत आणलीय, त्याच्या मांजराला खाऊ घातलंय, आणि मला त्याची बोटं कधी दिसली नव्हती. तेव्हा त्याला तांबडे केस होते. आता डोकं असं गुळगुळीत की त्यात आकाश दिसतं. बेटाच्या धक्क्यावर उभं राहून त्यानं आमच्या खोपटातल्या सामानाची खोकी तशीच मोजली होती, टक्, टक्, आणि आईला म्हणाला होता, रविवारी या ना बाई, तोवर कोण हात लावतंय. मी आईच्या शेजारी उभी होते, दोन वेण्या, पायात शाळेचे बूट. बाबांना जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि आईचं इंग्रजी बाबांबरोबरच गेल्यासारखं झालं होतं, ती नुसती मान हलवत होती. रविवार, ती म्हणाली, संडे, संडे, दोनदा, त्याला नक्की कळावं म्हणून. रविवारी ती धुतलेल्या उशांचे अभ्रे घेऊन निघाली, भांडी त्यात गुंडाळून आणायला. डोक्याला निळा रुमाल. आम्ही किनाऱ्याच्या वाटेनं वळण घेतलं आणि तिथं घर नव्हतं. काळा चौकोन होता. राख गारसुद्धा झाली होती, म्हणजे काल-परवाची. आईनं काही केलं नाही. वाटेच्या कडेला तिनं स्वतः रंगवलेले पांढरे दगड होते, बाबांच्या होडीचा उरलेला रंग दर नाताळला ती त्या दगडांना फासायची, तिन्हीसांजेला होडीवरून येणाऱ्या माणसाला वाट दिसावी म्हणून. त्यातल्या एका दगडावर ती बसली. परतीची बोट संध्याकाळी होती, तोवर बसायलाच हवं होतं. मग तिनं पाव काढला आणि आम्ही तो खाल्ला, काळ्या चौकोनासमोर बसून, सहलीला आल्यासारखा. राखेतून तिनं तिची तांब्याची कॉफीची भांडी उकरली, लांब दांड्याची, तिच्या आईनं दिलेली. पुढं आयुष्यभर ती घासत राहिली. लिंबू, मीठ, राख, वाळू, काय काय लावलं. एक भांडं माझ्या खिडकीत आहे अजून, काळं ते काळंच. कुणी विचारलं की खोपटाचं काय झालं, तर म्हणायची, गेलं. सोडून दिलं असं तिनं कधी म्हटलं नाही. सोडून जाणाऱ्यातली ती नव्हती, बाप गेल्यावरही ती चाळीस वर्षं... जाऊ दे.

रविवार उजाडला तो कोरडा, खणखणीत. शहराच्या धक्क्यावर बोटीत चढण्याआधी बूट घासायची जागा आहे, खाली लोखंडी जाळी, ताठ काथ्याचे ब्रश, जंतुनाशक पाण्याचा फवारा. बेटावर उंदीर नको, मुंगी नको, चिखलातून एक बीसुद्धा जायला नको. सॅका उघडून झाडायच्या. वॉरिक म्होरक्या, त्यानं सगळ्यांच्या सॅकांत नाक घातलं आणि नेहमीचं भाषण दिलं, बेटावरची एक काडी उचलायची नाही, एक दगड जागचा हलवायचा नाही. लोसानं आमेन म्हटलं. मग त्यानं सगळ्यात शेवटी कोण चालणार ते ठरवलं. शेपटीचं माणूस लागतं, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही असा कायदा. मी हात वर केला. पैज लावणाऱ्यानं डोळ्यासमोर राहावं की, मी म्हटलं. वॉरिक खूष झाला. त्याच्या बुटांकडे मी बघून घेतलं, चांगले जाड चामड्याचे, मेण लावलेले. माझे मुद्दाम जुने घातले होते, ज्यांच्या प्रत्येक चिरेत काहीतरी शिरून बसतं. जिंकायची एवढी खात्री असावी लागते.

बोटीतून उतरल्यावर आधी किनाऱ्याच्या वाटेनं जायचं हे त्याचं ठरलेलं, जुनी खोपटं दाखवायची म्हणून. पायाखाली काळ्या खड्यांचा चुरचुराट, जळलेल्या साखरेवरून चालल्यासारखा. मी शेवटी, माझ्यापुढं पाठमोऱ्या लोसाची फुलाफुलांची छत्री, सगळ्यांच्या पुढं ती लाल सॅक. आणि मी किती आनंदात होते ते सांगते. खोटं कशाला बोलू. पोरीला नवी शिट्टी मिळावी तशी. आमचं वळण आलं. तिथं आता काही नाही, सिमेंटचा एक तुकडा, पाण्याच्या टाकीची बैठक, आणि बाजूला कधीतरी कुणी भिरकावलेल्या दगडांचा ढीग, नेच्यांनी अर्धा झाकलेला. वाट तर मुळीच नाही. इतक्या वर्षांत आईशिवाय मी इथं कधी आले नव्हते. वॉरिक टाकीच्या बैठकीवर उभा राहिला आणि गोष्ट सांगू लागला, मासेमार, त्याची जाळी, मग त्याचं मरण. गोष्ट त्यानं छान घोटवलीय, कुठं थांबायचं ते त्याला माहीत आहे. सगळी डोकी त्याच्याकडे. मी मागं, ढिगाशी वाकलेली, बुटाची नाडी बांधत. एकेक दगड पालथा करून बघितला, ज्याच्यावर पांढऱ्या रंगाचा कवडीएवढा पापुद्रा असेल तो माझ्या पिशवीत. रताळ्याएवढे, काही त्याहून मोठे, इथला किनाऱ्याचा दगड लोखंडासारखा जड. वॉरिक म्हणाला, आणि घरच्यांनी सोडून दिलं. एक बाई हळहळली, चक् चक्, म्हणाली, कशी माणसं असतात. माझ्या हातातला दगड त्या क्षणी कुठं जाणार होता हे त्या दगडालाही कळलं असेल. पण मी तो पिशवीत ठेवला. मला डोकं फोडायचं नव्हतं. मला त्यानं ते घर पाठीवर घ्यायला हवं होतं.

युक्ती त्यानंच माझ्या हातात दिली होती. सॅक उतरवायची नाही म्हटल्यावर आतलं काही काढायचं तर मागून दुसऱ्यानं हात घालायचा, आणि मागून कोण, तर शेपटी. चढ सुरू झाला, ऊन त्या काळ्या दगडात उतरून पुन्हा वर यायला लागलं, या बेटावर ना ओढा ना झरा, एकेकाला तहान लागली. वॉरिक ओरडायचा, रेविन, पाणी दे त्यांना. मी धावत पुढं जायची, वरचं झाकण उघडायची, एक बाटली काढायची, एक दगड ठेवायची, टॉवेलात गुंडाळून, आवाज नको म्हणून. तो म्हणायचा, थँक्यू गं. मी म्हणायची, तुझ्यासाठी काय पण. पाणी संपत होतं तरी सॅक हलकी होत नव्हती हे त्याला कसं कळावं, चढावर सगळंच जड होतं. तो थांबला की कठड्याला टेकायचा, सॅक कठड्यावर जरा तोलायचा, लगेच लोसाचं बोट वर. टेकली का. नाही गं, तरंगतेय, तो म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मीही हसायची, आणि मोजायची नाही, कारण मोजणं त्याचं काम. मी नुसती नावं घेत होते मनात. हा दाराचा. हा चुलीचा. हा बाबांच्या खाटेचा. हा ज्याच्यावर ती बसली तो. कदाचित तो नसेलही, सगळे सारखेच होते, पण मी म्हटलं हाच, आणि तो जरा दाबून बसवला.

वाटेच्या सावलीतल्या भागात ते बुटकं नेचं आहे, पाऊस पडला की हिरव्या तळहातासारखं उघडतं, कोरड पडली की मुठी आवळून बसतं. त्या दिवशी सगळ्या मुठीच होत्या. तिथं वॉरिक माझ्यापासून हातभर अंतरावर चालत होता, त्याच्यानं आता पुढं राहणं होत नव्हतं, टोळीला त्यानं पुढं सोडलं होतं, फक्त लोसा थोडी वर, मागं वळून वळून बघत. त्याच्या मानेवर एक शीर होती, कानामागून निघून खाली गेलेली, ती उडत होती. मी तिच्याकडे बघत चढत होते. एकदा त्यानं हात छातीकडे नेला. पट्टा सारखा करायला नेला असेल. माझ्या मनात आलं, हा इथं मेला तर. आणि खरं सांगते, आधी आलं ते हे की लोसा म्हणेल सॅक जमिनीला लागली, मी जिंकले. मग ते वाक्य माझं मलाच कडू लागलं. आई असती तर म्हणाली असती, पुरे, पोरी. पण आई नव्हती, ती त्या काळ्या भांड्याला लिंबू चोळत गेली, आणि हा इथं जिवंत, घामेजलेला, वर एक बायको, दोन नातवंडं, मेण लावलेले बूट, आणि एक गोष्ट, जिच्यात माझी आई वाईट बाई आहे. दर रविवारी. नव्या नव्या माणसांना. पिशवीत शेवटचा दगड होता. एका म्हाताऱ्यानं पाणी मागितलं म्हणून नव्हे, कुणीच काही मागितलं नव्हतं, मी आपणहून म्हटलं, वॉरिक, तुझं झाकण उघडं राहिलंय, थांब. तो थांबला, गरीब बैलासारखा.

माथ्याला जायच्या शेवटच्या लाकडी पायऱ्या आहेत. वर टोळी दिसत होती, हात हलवणारी, टाळ्या वाजवणारी, कुणीतरी केक, केक असा घोष लावलेला. वॉरिकनं कठडा धरला. एक पायरी. मग उभा. माझ्याकडे न वळता म्हणाला, रेविन, जरा पाणी. मी म्हटलं, संपलं रे. खरंच संपलं होतं. माझ्या स्वतःच्या बाटलीत होतं, ते मी विसरले. विसरले म्हणजे विसरायचं ठरवलं. तो नुसता उभा राहिला, आणि मला मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. तेव्हा मी अगदी हळू, आई मला झोपवताना बोलायची त्या आवाजात म्हटलं, ठेव खाली. पट्टा सुटल्याचा आवाज आला. सॅक पडली तो आवाज थर्मासचा नव्हता, केकचा नव्हता, सगळ्यांनी तो ऐकला. लोसा वरून उतरली, सॅकेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि न्यायाधीशासारखी म्हणाली, “खाली.”

झाकण उघडलं आणि दगड निघाले. टॉवेल, दगड, मोजा, दगड. अख्खा डोंगर हसला. आणि वॉरिकही हसला, हेच मला सोसवेना. पायरीवर फतकल मारून, डोळे पुसत, लाल तोंडानं हसला. दुसऱ्याच्या सॅकेत दगड टाकणं हा चालणाऱ्यांचा जुना खेळ, त्यानंही तरुणपणी पुष्कळ टाकले असतील. एकानं म्हटलं, ही लबाडी आहे, पैज रद्द. लोसा विचारात पडली, पण वॉरिकच म्हणाला की पाठीवर काय आहे हे ज्याला कळत नाही तो कसला म्होरक्या, हरलो, बूट घासतो. माझ्या पाठीवर थाप मारली. चांगला हरणारा माणूस. सूड घ्यायला इतका कुचकामी माणूस देवानं मला का दिला असेल. मग लोसानं दगड उचलून बघितला, पांढऱ्या पापुद्र्यावर नख मारलं आणि म्हणाली, हे खालचे दिसतात, किनाऱ्याचे. जागचा हलवायचा नाही म्हणाला होतास ना, वॉरिक. नेऊन ठेव. तो म्हणाला, रेविननं आणले. लोसा म्हणाली, आणले तू. तिनं नुसते उचलले. त्या बाईला मी नाताळात हॅम देणार आहे, अख्खा.

म्हणून ते घर खालीही त्याच्याच पाठीवरून गेलं. उतारावर गुडघे जास्त बोलतात. वळणापाशी सगळ्यांना पुढं धक्क्याकडे पाठवलं, उरलो आम्ही तिघं, तो, लोसा आणि मी. मला वाटलं, ढिगावर ओतून मोकळा होईल. दगड मी ढिगातूनच उचलले होते, हे त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नाही. तो ढिगाकडे गेलाच नाही. टाकीच्या बैठकीपासून दोन पावलं आला, नेचं पायानं बाजूला सारलं, आणि गुडघ्यावर बसून पहिला दगड ठेवला, रंगाची बाजू वर करून. मग वीतभर अंतर सोडून दुसरा. मग समोरच्या बाजूला. ठेवत ठेवत पाण्याकडे निघाला, आणि जिथं काही नव्हतं, नुसतं नेचं आणि खडी, तिथं तो डावीकडे वळला. आमची वाट तिथंच वळायची. बाबांची होडी तिथं लागायची. मी उभी राहून बघत होते. फिरकलेच नाहीत म्हणणाऱ्या माणसाच्या हातांना ती वाट पाठ होती. लोसा त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. शेवटचा दगड ठेवून तो उठला, हात झटकले, आणि आमच्याकडे न बघता धक्क्याकडे चालू लागला. बोटीत तो माझ्यापासून दूर बसला, बेटाकडे पाठ करून.

शहराच्या धक्क्यावर रविवार संध्याकाळची गर्दी, आइस्क्रीम, सायकली, दुसऱ्या बोटीची रांग. टोळीनं गोल केला. मी बूट घासायच्या जागेपाशी बाकावर बसले आणि उजवा पाय पुढं केला, महाराणीसारखा. वॉरिक गुडघ्यावर बसला. लोक थांबले, कुणी फोटो काढले, एकानं विचारलं लग्नाची मागणी घालतोय का, माझी टोळी खिदळली. त्यानं ब्रश घेतला, फवारा मारला, आणि नीट घासायला लागला, चिरांमधून, नाडीच्या भोकांखालून. काळं पाणी जाळीतून खाली जात होतं. त्याचं टक्कल माझ्या हाताशी होतं, त्यात आकाश. मी वाकले आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, “अंटे युर्लिना माझा बाप. रविवारी आलो होतो आम्ही.”

ब्रश थांबला. मग बुटालाच सांगितल्यासारखं म्हणाला, “शुक्रवारी वारा पडला होता. जाळायला बरं होतं.” मग ब्रशकडे बघत म्हणाला, “निळा रुमाल होता. रविवारी आम्ही कामाच्या होडीवरून बघत होतो. मला उतरता आलं नाही, रेविन.”

मला वाटलं होतं हे ऐकलं की माझ्यातलं काहीतरी सुटेल. बोटीचा दोर सुटतो तसं. सुटलं नाही. एवढंच कळलं की ती एकटी नव्हती तिथं त्या दिवशी, तिच्याकडे बघत होते लोक, ती पाव खाताना. मी म्हटलं, मोठ्यानं सांग. नेहमी सांगतोस तसं, बैठकीवर उभं राहून. तो उठून गेला असता तरी चाललं असतं, पैज बुटांची होती, जिभेची नव्हती. पण तो गुडघ्यावरच वळला, हातात ब्रश, आणि त्याच्या त्या म्होरक्याच्या आवाजात, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असा म्हणाला, “सकाळी मी सांगितलं ते खरं नाही. ते लोक सोडून गेले नव्हते. त्या बाईला मीच रविवारी या म्हटलं होतं, आणि शुक्रवारी खोपट जाळलं. ही तिची मुलगी.”

खिदळणं विझलं. सकाळी चक् चक् करणारी बाई माझ्याकडे बघून तोंडावर हात धरून उभी राहिली. आइस्क्रीमवाल्याच्या गाडीची धून तेवढी वाजत होती. लोसानं एक पाऊल पुढं टाकलं, आणि मला कळलं की ती आता म्हणणार, झालं, उठ, वॉरिक, कारण चर्चमध्ये असंच करतात, कुणी कबूल झालं की त्याला उठवतात. वॉरिकनंही ब्रश खाली ठेवला होता. त्याचे डोळे भरले होते, आणि तो माझ्याकडे बघत होता, काहीतरी मागत.

मी उजवा पाय मागं घेतला.

“डावा राहिलाय,” मी म्हटलं.